यूएन मिशनवर चाललायस? साउथ सुदानच्या बेसवर वर्ष काढायचं कसं

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका पोराचं यूएन मिशनला, म्हणजे शांतिसेनेत, नाव लागलं. फोन करून पहिला प्रश्न काय, तर दादा तिथं गोळीबार किती होतो. मी म्हटलं गोळीबाराचं तुला पलटणीनं शिकवलंय, ते सोड, दुपारी दोन ते चार तू काय करणार ते सांग. तो हसायला लागला. मी जोक करत नव्हतो. मी वर्षभर मलाकालच्या बेसवर होतो, व्हाईट नाईलच्या काठाला, साउथ सुदानच्या वरच्या अंगाला, आणि पोरं खचलेली बघितली ती याच दुपारच्या दोन-चार तासांत बघितली, पॅट्रोलवर नाही. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं, जे मला जायच्या आधी कोणी सांगितलं नव्हतं ते.

एक आधीच सांगतो, ऑर्डर, ड्युटी, शस्त्र याबद्दल तुझे साहेब जे सांगतील तेच खरं, माझं हे सगळं राहण्या-खाण्या-झोपण्याचं आहे.

निघायच्या आधी, घरचं

नाव लागलं की दिल्लीत ट्रेनिंग होतं, मिशनचे नियम, यूएनची पद्धत, हे सगळं तिथं शिकवतात. त्या गडबडीत घरचं राहून जातं. तर रजेवर असतानाच करून टाक. किंड्रेड रोल, म्हणजे पलटणीकडची तुझ्या घरच्यांची नोंद, काढून बघ, बायकोचं नाव, पोरांच्या जन्मतारखा, स्पेलिंग आधारशी जुळतंय का बघ. एजीआयएफचं, म्हणजे आर्मीच्या ग्रुप विम्याचं, नॉमिनेशन बघ. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं असतं आणि ते तसंच राहतं, ही गोष्ट दर दुसऱ्या जवानाची आहे. बायको एसएफ क्वार्टरला, म्हणजे जवान बाहेर असताना कुटुंबाला मिळणाऱ्या घरात, राहणार की गावाला ते आधी ठरव, कारण पोरांची शाळा त्यावर आहे.

आणि ओटीपी. हे मी ठळक करून सांगतो कारण माझी फजिती इथंच झाली. तुझा बँकेचा नंबर म्हणजे तुझं सिम, आणि ते सिम आफ्रिकेत तुझ्या खिशात गपगार पडून राहणार. दुसऱ्याच महिन्यात विम्याचा हप्ता भरायचा होता, मी तिकडे, ओटीपी कुठे गेला देवाला माहीत, आणि बायको इकडून म्हणते आला का, मी म्हणतो नाही आला, परत पाठव, असं तीन दिवस चाललं आणि शेवटी मेहुण्याला ब्रँचला पाठवावं लागलं. तर एक तर बँकेला बायकोचा नंबर लाव, नाहीतर सिम घरी एखाद्या जुन्या फोनमध्ये घालून चार्जिंगला ठेवून जा, आणि रिचार्ज चालू ठेवायला सांग, नाहीतर काही महिन्यांनी नंबरच बंद होतो आणि व्हॉट्सॲपपण त्याच नंबरवर असतं.

यलो फिव्हरची लस जायच्या कमीत कमी दहा दिवस आधी घ्यावी लागते, पिवळं कार्ड मिळतं, ते पासपोर्टइतकंच जपायचं. २०१६ पासून ती लस आयुष्यभर चालते पण कार्ड हरवलं तर परत येताना विमानतळावर सहा दिवस क्वारंटाईनची पाळी येऊ शकते. फोटो काढून ठेव, पण फोटोवर विसंबू नको.

ट्रंकेत काय

इश्यू होणाऱ्या सामानाचं मी काही सांगत नाही, ते यादीप्रमाणे मिळतंच. स्वतःचं म्हणून घ्यायचं ते असं: डोक्याला बांधायचा टॉर्च, लाल लाईटवाला असला तर उत्तम. स्पाईक गार्ड, कारण बेस जनरेटरवर चालतो आणि लाईट गेली-आली की चार्जर उडतात. चष्मा असेल तर दोन. सॉक्स आणि आतले कपडे वाटतात त्याच्या दुप्पट. बाथरूमला जायला रबरी चप्पल, अँटिफंगल पावडर, सुईदोरा. छोटी इस्त्री, दहा जणांत एक असली तरी चालेल पण पाहिजेच, का ते पुढे सांगतो. हार्ड डिस्क भरून पिक्चर, आणि त्यात पोरांचे व्हिडिओ वेगळ्या फोल्डरला, कारण नेट नसलेल्या रात्री तेच बघितले जातात.

खायचं? रेशन यूएनचं येतं, भरपूर येतं, चिकन, अंडी, फळं, डब्यातलं दूध, आपला लंगर आपल्या हातात असल्यामुळे डाळ-चपाती-भात मिळतो. उपाशी कोणी राहत नाही. पण सहा महिने तीच चव खाल्ल्यावर जीभ बंड करते. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कांदा-लसूण मसाला, कोरडं काहीही ने. लोणचं नेऊ नको. नेलंच तर कपड्यांच्या ट्रंकेत ठेवू नको. माझ्या बरणीचं झाकण विमानात सैल झालं आणि मेडल परेडसाठी म्हणून वेगळा घडी करून ठेवलेला युनिफॉर्म बाहेर काढला तर कॉलरपासून खिशापर्यंत कैरीचं तेल. सीएचएम साहेबांनी, म्हणजे कंपनी हवालदार मेजरनी, नुसतं बघितलं, बोलले काही नाही, ते जास्त लागलं.

पहिला आठवडा: बंकर, बूट, मोजणी

पोचल्या पोचल्या सगळ्यांना वायफायचा पासवर्ड पाहिजे असतो. तू आधी बंकर बघून घे. झोपायच्या जागेपासून बंकरपर्यंत दिवसा चाल, मग रात्री लाईट न लावता चाल, पावलं मोज. प्रीफॅबच्या, म्हणजे तयार जोडलेल्या खोल्यांच्या, पायऱ्या, तंबूच्या दोऱ्या, नाली कुठे आहे, हे अंधारात पायाला माहीत पाहिजे. झोपताना बूट कुठे, हेल्मेट कुठे, जॅकेट कुठे, हे रोज एकाच जागी. बूट घालायच्या आधी उलटे करून आपटायचे, विंचू बसतो, सापपण निघतात तिकडे. सायरन झाला की बंकरमध्ये पहिलं काम मोजणी, तुझा बडी कुठाय ते तुला माहीत असलंच पाहिजे, संडासला गेला असला तरी.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. साउथ सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला, तेव्हाच हे मिशन, यूएनमिस, उभं राहिलं, आणि २०१३ च्या डिसेंबरात आपसातलं युद्ध पेटलं तेव्हा हजारो माणसं जीव घेऊन यूएनच्या बेसवर धावत आली आणि गेट उघडली गेली. त्याच महिन्यात अकोबोच्या बेसवर हल्ला झाला त्यात आपले दोन जवान गेले, त्याच्या आधी एप्रिलमध्ये जोंगलेईत ताफ्यावर हल्ला होऊन पाच गेले. मलाकालमध्येच २०१६ च्या फेब्रुवारीत बेसला लागून असलेल्या निर्वासितांच्या कॅम्पवर हल्ला झाला, कमीत कमी ३० माणसं मेली. २०१८ ला समझोता झाला तरी कॅम्प आहे, माणसं आहेत. टॉवरवर उभं राहिलं की समोर पत्र्याची आणि ताडपत्रीची वस्ती दिसते, संध्याकाळी चुलीचा धूर उठतो, पोरं टायर फिरवत असतात. वर्षभर म्हणजे वर्षभर माणसं कशी राहत असतील ते टॉवरवरून कळतं, आणि आपल्या प्रीफॅबमधला पंखा बंद पडला म्हणून केलेल्या तक्रारीची जरा लाज वाटते. जरा. दुसऱ्या दिवशी आपण परत तक्रार करतोच.

रोजचा दिवस

पहाटे उठणं, पीटी ऊन यायच्या आत, नाश्ता, फॉल-इन, मग ज्याची त्याची डिटेल, म्हणजे नेमून दिलेलं काम. गेट, टॉवर, क्यूआरएफ (काही झालं की लगेच धावणारी तुकडी), पॅट्रोल, गाड्यांचं मेंटेनन्स, लंगर. रविवारी मंदिर परेड. संध्याकाळी व्हॉलीबॉल, रोल कॉल, जेवण, झोप किंवा संत्री ड्युटी, म्हणजे पहारा. हे सगळं तुला माहीत आहे, आपल्याकडच्या पीस स्टेशनसारखंच आहे, फक्त गेटच्या बाहेर बाजारात जाऊन चहा पिता येत नाही, एवढाच फरक आणि तोच मोठा फरक.

ड्रायव्हर असशील तर एक जास्तीचं. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. यूएनची वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट असते, ती पास झाल्याशिवाय स्टेअरिंगला हात नाही. पहिले पंधरा दिवस प्रत्येक वळणावर तोंडाने म्हणायचं, उजवीकडे उजवीकडे, शेजारच्याला हसू दे. आणि वाटेत कोणी हात केला म्हणून गाडीत घ्यायचं नाही, नियम कडक आहे.

मे ते ऑक्टोबर पाऊस. तिथली माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखी आहे, सुकली की भेगा, भिजली की चिकट गोळा, बुटाला लागते आणि बूट दोन किलोचा होतो. अशा वेळी गाडी रस्त्यावरून हलली की संपली, मग अर्धा दिवस दोर आणि फळ्या आणि शिव्या. शेतकऱ्याची पोरं यात हुशार निघतात, आमच्यात एकाने पहिल्याच पावसात सांगितलं होतं की चाकाची हवा कमी करा आणि एक्सलरेटर दाबू नका, त्याचं ऐकलं असतं तर संध्याकाळच्या चहाला बेसवर असतो. कोरड्या दिवसात उलटं, मार्चमध्ये पारा ४० ला टेकतो आणि धूळ इतकी बारीक की बंद ट्रंकेतपण जाते. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. लघवीचा रंग बघायची सवय लाव, पिवळी गडद झाली म्हणजे तू कमी पितोयस, डॉक्टरांनी सांगितलेली सगळ्यात सोपी टेस्ट हीच.

इस्त्री आणि बाकीचे किडे

आता इस्त्रीचं. आफ्रिकेत एक माशी असते, मँगो फ्लाय म्हणतात, कोणी टुंबू फ्लाय म्हणतं. ती ओल्या कपड्यावर अंडी घालते, खास करून सावलीत वाळत घातलेल्या. तो कपडा तू घातलास की अळी निघून कातडीत शिरते, आणि काही दिवसांनी तिथं गळू येतं, मधे बारीक भोक, आणि आत काहीतरी हलतंय असं वाटतं. वाटत नाही, हलतच असतं. आमच्यातल्या एकाला कमरेला झालं, बरोबर चड्डीच्या इलॅस्टिकच्या रेषेत. तो दोन दिवस लाजून सांगेना, तिसऱ्या दिवशी एमआय रूममध्ये, म्हणजे बेसच्या दवाखान्यात, गेला, डॉक्टर साहेबांनी वरून व्हॅसलीन लावून अळीचा श्वास कोंडला आणि ती बाहेर काढून त्याला दाखवली. पांढरी, तांदळाएवढी नाही, त्याहून जाड. त्या दिवसापासून आमच्या इस्त्रीला रात्री बारापर्यंत नंबर लागायचा.

तर नियम असा, जे जे अंगाला लागतं ते सगळं इस्त्री करायचं, दोन्ही बाजूंनी, शिवणीवर आणि इलॅस्टिकवर जास्त वेळ दाबून. बनियन, चड्डी, टॉवेल, सॉक्स, चादर, उशीचा अभ्रा. गरम इस्त्रीने अंडी मरतात. इस्त्री नसेल तर कपडे आतच वाळव, खिडकीला जाळी लावून. ओला कपडा गवतावर किंवा जमिनीवर टाकायचा तर प्रश्नच नाही.

दुसरा एक किडा, लाल-काळा, मुंगीसारखा लांबट, नैरोबी फ्लाय म्हणतात. रात्री लाईटला येतो. चावत नाही, पण मानेवर बसला आणि तू सवयीने चापट मारलीस तर त्याच्या अंगातलं पाणी कातडीला लागतं आणि दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा उठतो. फुंकर मारून उडवायचा, आणि जागा साबणाने धुवायची, आणि तो हात डोळ्याला अजिबात लावायचा नाही. चापट मारायची सवय सुटायला मला तीन महिने लागले.

मलेरिया तर सगळ्यांना माहीत आहे पण गांभीर्याने कोणी घेत नाही कारण आपल्याकडे मलेरिया म्हणजे चार दिवस ताप आणि पाचव्या दिवशी ड्युटी. तिकडचा फाल्सिपॅरम जातीचा आहे, तो डोक्यात जाऊ शकतो, माणूस जातो. गोळी डॉक्टर देतील ती आणि देतील तशीच. डॉक्सी मिळाली तर जेवणानंतर, पूर्ण ग्लास पाण्याबरोबर, आणि गिळून लगेच आडवं व्हायचं नाही, घशात अडकली तर आतून भाजते, शिवाय त्या गोळीवर ऊन जास्त लागतं म्हणून बाह्या खाली. आठवड्याची मेफ्लोक्विन मिळाली आणि वाईट स्वप्नं पडायला लागली, चिडचिड व्हायला लागली, तर मर्दानगी दाखवत गप्प बसू नको, जाऊन सांग, गोळी बदलून देतात. सूर्य मावळला की बाह्या खाली, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं.

आणि नाईल कितीही छान दिसली तरी तिच्यात पाय घालायचा नाही. मगरीचं सोड, पाण्यातल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया होतो, कातडीतून आत जातो. कुत्री पाळायची नाहीत, रेबीज. आमच्यातल्या एकाने गेटजवळच्या पिल्लाला चपातीचा तुकडा टाकायला सुरुवात केली होती, साहेबांनी दोन दिवसांत बंद करवलं, तेव्हा राग आला होता, आता पटतं.

घरी फोन

वेळेचं गणित आधी पाठ कर. २०२१ च्या फेब्रुवारीत साउथ सुदानने आपलं घड्याळ एक तास मागे घेतलं, तेव्हापासून ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. म्हणजे घरी रात्रीचे साडेनऊ तेव्हा तुझे संध्याकाळचे सहा. पोरगी झोपायच्या आत बोलायचं असेल तर व्हॉलीबॉल सोडावा लागतो, आणि आठवड्यातून दोनदा तरी सोडच. उलटं बघ, रात्री दोनला संत्री उतरून आलास तर घरी पहाटेचे साडेपाच, तेव्हा आई उठलेली असते. माझी सगळ्यात चांगली बोलणी आईशी झाली ती त्या वेळेला. ती एकीकडे चहा ठेवायची, भांड्यांचा आवाज यायचा, मी बुटाच्या लेस सोडत असायचो, दोघंही फार काही बोलत नव्हतो.

वेळ ठरव पण रोजची ठरवू नको. रोजची ठरवलीस की एक दिवस नेट नसलं तरी घरी रडारड. मी बायकोला सांगितलं होतं, मंगळवार, शुक्रवार, रविवार, बाकी आला फोन तर बोनस. आणि हे नीट समजावून सांगितलं होतं की कधी कधी बेसचं नेट दोन-दोन दिवस बंद असतं, कधी पॅट्रोल लांबचं असतं, कधी मुद्दाम बंद करतात, फोन आला नाही याचा अर्थ काही झालं असा नाही. टीव्हीवर आफ्रिका, हल्ला, असं काही दिसलं तर आधी नकाशा बघ, तो देश केवढा आणि मी कुठे. आमचं एक ठरलं होतं, नेट एक मिनिट जरी आलं तरी मी एकच शब्द टाकायचा, जेवलो. फोटो नाही, कारण नाही, जेवलो. तो शब्द वाचून ती झोपायची.

काय सांगायचं नाही तेपण ठरव. पॅट्रोल कधी, कुठे, किती जण, गाड्या किती, यातलं काही नाही, बायकोलासुद्धा नाही, ती कोणाला मुद्दाम सांगणार नाही पण फॅमिली ग्रुपवर काकूंनी आमचा दादा उद्या अमुक ठिकाणी चालला म्हणून टाकलं की झालं. लाईव्ह लोकेशन बंद, फोटोत मागे टॉवर, अँटेना, नकाशा येतोय का बघायचं. कुठलं ॲप चालेल कुठलं नाही ते पलटणीचा जो हुकूम असेल तो. बेसच्या बाहेर तर फोटोचं नावच काढू नको, विमानतळ, पूल, तिथल्या सरकारचे शिपाई यांचे फोटो काढले म्हणून माणसं आत गेलेली आहेत.

आणि घरचं गाऱ्हाणं ऐकायचं. मोटर जळली, पोराला ताप आहे, सासूबाईंशी वाजलं. आपण तिकडून काहीच करू शकत नाही म्हणून चिडतो आणि म्हणतो तू बघ ना काहीतरी. असं म्हणायचं नाही. तिला तोडगा नको असतो, तिलाच सगळं बघायचंय हे तिला माहीत असतं, तिला फक्त पलीकडे कोणीतरी हं म्हणणारं पाहिजे असतं. हे मला चौथ्या महिन्यात कळलं, तेही भांडण झाल्यावर.

गेटच्या बाहेरची माणसं

तिथं डिंका, नुएर, शिल्लुक असे समाज, आणि सगळ्यांना जोडणारी जुबा अरबी. चार शब्द शीक. मोया म्हणजे पाणी, शुकरन म्हणजे आभार, मालेश म्हणजे माफ करा राहू द्या. पोरं तुला बघून कवाजा कवाजा ओरडतील, म्हणजे परदेशी माणूस, शिवी नाही ती. हात कर, हस. पण चालत्या गाडीतून बिस्किटं फेकायची नाहीत, पोरं चाकाखाली येतात. आपल्याला वाटतं चांगलं काम केलं, पण पुढच्या वेळी ती पोरं गाडी दिसली की धावतच येणार.

गुरांवर बोल. खरंच. डिंका आणि नुएरांचं सगळं गुरांभोवती फिरतं, लग्न गुरांवर ठरतं, पोराचं एक नाव त्याच्या लाडक्या बैलाच्या रंगावरून असतं. आपले जनावरांचे डॉक्टर मिशनवर असतात, त्यांच्या कॅम्पला जेवढी गर्दी बघितली तेवढी कशालाच नाही. एका म्हाताऱ्याने मला खुणेनं विचारलं तुझ्याकडे किती, मी दोन बोटं दाखवली, बैलजोडी. तो फार हळहळला, त्याला वाटलं मी फार गरीब आहे, आणि तो समोरच्या कळपाकडे हात करून हसला. त्या बैलांची शिंगं काय सांगू, माणसाच्या हाताएवढी लांब.

आता कडक गोष्ट. तिथल्या कोणत्याही बाईशी, पोरीशी पैसे देऊन, रेशन देऊन, नोकरीचं आमिष दाखवून संबंध, याला यूएनमध्ये माफी नाही. २००३ पासून लेखी नियम आहे, अठरा वर्षांखाली तर कुठल्याही कारणाने नाही, वय माहीत नव्हतं हे चालत नाही. सरळ घरी पाठवतात, मग इकडे पुढची कारवाई. आणि नियम बाजूला ठेव, समोरची बाई कॅम्पमध्ये पाण्याच्या लाईनला उभी आहे आणि तू भरल्या पोटी बंदूक घेऊन उभा आहेस, यात तिची मर्जी कुठून येणार. ज्याला हे कळत नाही त्याने जाऊच नये. कोणी असं करताना दिसलं तर बडी आहे म्हणून झाकायचं नाही, साहेबांना सांगायचं.

पैसे

पगार इकडे खात्यात जमा होतो, बाहेरचा भत्ता सरकारी नियमाने. यूएनकडून जवानाच्या हातात रोजचे १.२८ डॉलर येतात, हो, बरोबर वाचलंस, महिन्याला चाळीसपण होत नाहीत. लोक समजतात यूएन डॉलरची पोती देतं, ती रक्कम सरकारला जाते. गावात आधीच सांगून ठेव, नाहीतर परत आल्यावर उसने मागणाऱ्यांची लाईन. डॉलर जवळ ठेवायचे तर नवीन, न दुमडलेले, २००६ च्या आधीची नोट तिकडे कोणी घेत नाही. हस्तिदंताचं, कातड्याचं काहीही आठवण म्हणून विकत घेऊ नको, कस्टममध्ये अडकशील आणि तो गुन्हाच आहे.

दुपारी दोन ते चार

जेवण झालंय, ऊन असं की बाहेर पाय ठेववत नाही, डिटेल चारला. पहिले दोन महिने सगळे झोपतात. मग रात्री झोप येत नाही, मग मोबाईल, मग सकाळी पीटीला तोंड सुजलेलं, मग चिडचिड. सहाव्या-सातव्या महिन्यात भांडणं लागतात आणि ती कशावरून तर पंख्याचं तोंड कोणाकडे, चमचा कोणी घेतला, चार्जिंगचा पॉईंट कोणाचा. आमच्याकडे दोन जिगरी दोस्त एका प्लास्टिकच्या खुर्चीवरून आठ दिवस बोलत नव्हते. सीनियर असशील तर यात न्याय करत बसू नको, दोघांना एकाच टॉवरच्या ड्युटीला लाव, दोन तास दुसरं कोणी बोलायला नसतं.

दुपारी अर्धा तास झोप पुरे, गजर लावून. बाकी वेळेला काहीतरी असं धर की ज्याला रोज थोडं थोडं करून वर्षभरात शेंडा येतो. एकाने पुढच्या प्रमोशनच्या परीक्षेचा अभ्यास केला आणि पास झाला. एकाने बाटल्या आडव्या कापून त्यात मेथी-कोथिंबीर लावली, तीन आठवड्यांत लंगरला पहिली जुडी गेली, त्या दिवशीच्या डाळीवर हिरवं बघून पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक जण केस कापायला शिकला, पहिले चार जण आम्ही बळी गेलो, नंतर साहेब लोकपण त्याच्याकडे यायला लागले. मी डायरी लिहिली, रोज पाच ओळी, जास्त नाही, त्यातूनच हे सगळं आठवतंय.

गणपती आम्ही त्याच काळ्या मातीचा केला. मळून मळून हात दुखले, सोंड जमली, पोट तर फारच छान जमलं, पण ती माती सुकताना तडकतेच, चौथ्या दिवशी डाव्या कानाला भेग गेली. पंजाबचा एक हवालदार रोज सकाळी ओल्या बोटाने ती भेग लिंपायचा, कोणी सांगितलं नव्हतं त्याला. विसर्जन बादलीत केलं, आणि ते पाणी मेथीला घातलं.

परतताना

मिशनमध्ये ९० दिवस झाले की यूएन मेडलला पात्र होतोस, परेड मात्र सोयीने होते, तेव्हा युनिफॉर्म लोणच्यापासून लांब ठेव. शेवटच्या महिन्यात मन आधीच घरी पोचलेलं असतं आणि हात इकडे ढिले पडतात, बूट न आपटता घालतात, मच्छरदाणी सोडतात, जाळी उघडी. शेवटच्या पंधरा दिवसांत आमच्याकडे मलेरियाच्या तीन केस झाल्या, सगळ्या जुन्या, हुशार पोरांच्या. सामान देताना सीओईची, म्हणजे पलटणीने सोबत नेलेल्या सरकारी सामानाची, मोजणी होते, तुझ्या नावावर काय काय आहे ते आदल्या महिन्यातच तपासून ठेव, शेवटच्या रात्री हरवलेला सॉकेट पाना शोधत बसू नको.

घरी आल्यावर पहिले आठ दिवस काहीही सुधारायला जाऊ नको. काय कुठल्या डब्यात, गॅस कधी बुक करायचा, पोराला शाळेत कोण सोडतो, हे सगळं तुझ्याशिवाय वर्षभर बसलेलं आहे. माझी पोरगी पहिले दोन दिवस माझ्याशी बोलताना फोनकडे बघायची. होतं बरोबर.

आणि गोळ्या. डॉक्सी आणि मेफ्लोक्विन दोन्ही परत आल्यावर चार आठवडे चालूच ठेवायच्या असतात, आणि नंतर काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की मी आफ्रिकेतून आलोय. माझा गजर घरीपण त्याच वेळेला वाजायचा, जेवणानंतर, ग्लासभर पाणी, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही म्हणून मी ओसरीवर बसून राहायचो. बायकोला वाटायचं माझं मन लागत नाही. शेवटी तिला गोळ्यांच्या पाकिटाच्या मागे लिहिलेलं वाचून दाखवलं.